मोजणी चारावर थांबते

“अरे, ती अंडी ठेव आत, आधी हे बघ काय आलंय!” पोस्टमन बसच्या मागच्या बाकावरून ओरडला आणि चष्मेवाल्याचा पिशवीत गेलेला हात तिथल्या तिथे थांबला.

आलं होतं ते पावांचं एक भलंमोठं पुडकं. पहाटेच्या भट्टीतले, अजून ऊब धरून असलेले, वरून लोणी फासलेले गोल पाव. बेकरीवाला ते मांडीवर उघडून बसला होता आणि पावसामुळे खिडक्या बंद असल्यानं सगळी बस त्या वासानं भरून गेली होती. कंपाउंडरनं एक पाव उचलला, भावोजींनी दोन. भावोजी हे खरं तर कंपाउंडरच्या बहिणीचे यजमान, पण इतकी वर्षं सगळ्यांनी तसं म्हटल्यामुळे ते आता जगाचे भावोजी झाले होते. दिवसभर एका सरकारी इमारतीची लिफ्ट ते वर-खाली करायचे आणि स्वतः मात्र वर्षातून एकदाच, या किल्ल्याच्या निमित्तानं, पायांनी वर चढायचे.

“घ्या ना तुम्ही पण, गरम आहेत,” बेकरीवाल्यानं पुडकं चष्मेवाल्यापुढे धरलं.

“सकाळी सकाळी पाव सोसत नाही मला,” चष्मेवाला म्हणाला.

वास्तविक तो रोज सकाळी चहात पाव बुडवूनच दुकानाची वाट धरायचा आणि हे पोस्टमनला पक्कं ठाऊक होतं. पण पोस्टमनचं लक्षच नव्हतं. तो दुसरा पाव निवडत होता.

चष्मेवाल्यानं पिशवीचं तोंड बंद केलं. आत आठ अंडी होती. बावीस वर्षं, दर पावसाळ्यात एका रविवारी हे चौघे त्याच किल्ल्यावर जायचे आणि बावीस वर्षं चष्मेवाल्याची बायको पहाटे उठून अंडी उकडून द्यायची. माणशी दोन, सोबत मीठ-मिऱ्याची पुडी. काल रात्री तिनं विचारलं होतं, “या खेपेला पाच जण ना? मग दहा टाकते.”

“आठच टाक.”

“अहो, पण तो नवीन...”

“आठच म्हटलं ना.”

बायकोनं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. “एक मित्र तुमचा. तोही वाटून घ्यायची वेळ आली की जीव जातो नुसता.” मग तिनं आठच टाकली. तिचं हे असं होतं, वर्मावर बोट ठेवायची आणि पुन्हा सांगितलेलं मुकाट्यानं करायची. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

सवत काय फक्त बायकांनाच असते? चष्मेवाल्याला या पन्नाशीत ती मिळाली होती, चांगली दाढी असलेली, पीठ मळून मळून दंड कमावलेली. तीन महिन्यांपूर्वी हा माणूस कुठून तरी गावात आला, बाजारातली बंद पडलेली बेकरी त्यानं चालवायला घेतली आणि पोस्टमन तिथे चहाला थांबू लागला. “बिचाऱ्याला तीन महिन्यांत एक पत्र आलेलं नाही रे,” पोस्टमन सांगायचा. “कोणीच नाही वाटतं त्याला. म्हणून मीच जातो आपला.” पत्र तर चष्मेवाल्यालाही येत नव्हतं. पण तीस वर्षं पोस्टमनची सायकल दुपारी त्याच्या दुकानापुढे लागायची. चष्मेवाला काच घासायचं यंत्र बंद करायचा आणि दोघं अर्धा तास काहीबाही बोलत बसायचे. आता सायकल आठवड्यातून दोनदा लागायची. बाकीचे दिवस ती बेकरीसमोर असायची आणि चष्मेवाल्याच्या दुकानातून बेकरी समोरासमोर दिसायची. चष्म्यातून लांबचं त्याला फार चांगलं दिसायचं, दुर्दैवानं.

पोस्टमनला गावभर मित्र. त्याचा धंदाच तसा, दाराशी जायचं, हाक मारायची, हसायचं. चष्मेवाल्याचा धंदा उलटा. लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून तो दिवस काढायचा, पण लोक त्याच्याकडे नाही, त्याच्या मागच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायचे.

आणि बोलणं तरी कसं! पोस्टमन त्या माणसाला सरळ ‘अरे-तुरे’ करत होता. चष्मेवाल्याला ‘तू’ म्हणायला पोस्टमनला दोन वर्षं लागली होती. इथे तीन महिन्यांत काम झालं.

‘नव्याचे नऊ दिवस,’ चष्मेवाल्यानं स्वतःला समजावलं. पण नव्वद उलटले होते.

पायथ्याशी उतरले तेव्हा पाऊस चांगलाच लागला होता. वाट म्हणजे ओहोळच झाली होती. बावीस वर्षांचा क्रम ठरलेला होता: पुढे पोस्टमन, त्याच्या पाठोपाठ चष्मेवाला, मग कंपाउंडर आणि शेवटी धापा टाकत भावोजी. आज पोस्टमनच्या मागे बेकरीवाला गेला. मुद्दाम नाही, बोलता बोलता गेला. दोघं बसमधून उतरले ते एकाच छत्रीखाली आणि छत्री तशीच चालू लागली. चष्मेवाला क्षणभर थांबला, कुणी ‘अरे, तू पुढे ये ना’ म्हणेल म्हणून. मागून कंपाउंडर म्हणाला, “चल ना रे, भिजतोय.” मग त्यानं बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढलं, कंपाउंडरला जाऊ दिलं, भावोजींनाही जाऊ दिलं आणि स्वतः सगळ्यांच्या मागे राहिला. शेवटी राहिलं की निदान आपल्याला कुणी मागे टाकलं असं होत नाही.

पहिल्या दरवाज्याच्या अलीकडे धुकं उतरलं आणि मोजणी सुरू झाली. मोजणीचं खूळ भावोजींमुळे आलं होतं. एका वर्षी ते धुक्यात हरवले आणि दोन तासांनी पाण्याच्या टाक्यापाशी गाढ झोपलेले सापडले. तेव्हापासून धुकं दाटलं की पोस्टमन थांबून “एऽऽक!” अशी हाळी द्यायचा, चष्मेवाला “दोऽऽन!” म्हणायचा, कंपाउंडर तीन, भावोजी चार. भावोजींचा “चाऽर” आला की पाय आपोआप उचलले जायचे. डोकं वापरायची गरजच नव्हती. चष्मेवाल्याला तर या मोजणीचा छुपा अभिमान होता. लोकांचे नंबर काढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, पण त्याला स्वतःला कुणी नंबर दिला होता तो एवढाच, आणि तो एकच्या लगेच नंतरचा होता.

“आजपासून हा पाच,” पोस्टमननं जाहीर केलं. आणि भावोजींच्या चारनंतर बेकरीवाला इतक्या जोरात “पाऽऽच!” ओरडला, तोही पोस्टमनच्या कानाशी, की पोस्टमन दचकून चिखलात बसला. सगळे पोट धरून हसले. चष्मेवालाही हसला, कारण न हसणं दिसलं असतं.

वर पोचेपर्यंत दहाएकदा मोजणी झाली असेल. दर वेळी तो “पाच” चष्मेवाल्याच्या कानात खुपत होता.

पण हे सगळं त्यानं गिळलं असतं. गिळता आलं नाही ते बुरुजाचं. पश्चिमेच्या बुरुजात एक देवडी होती, जेमतेम दोन माणसं गुडघे जवळ घेऊन बसतील एवढी. जेवणं झाली की कंपाउंडर आणि भावोजी पडक्या वाड्याच्या ओसरीत आडवे व्हायचे आणि हे दोघं त्या देवडीत जाऊन बसायचे. वर्षभर जे दुकानात बोलता येत नाही ते तिथे बोललं जायचं. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा चष्मेवाल्यानं ते बायकोच्या माहेरी सांगण्याआधी त्या देवडीत सांगितलं होतं. पोस्टमननंही आपल्या थोरल्याच्या दारूबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं ते तिथेच.

आज चष्मेवाला अंड्यांची टरफलं गोळा करून मागे वळला तेव्हा देवडीतून चार गुडघे बाहेर दिसत होते.

बेकरीवाल्यानं त्याला पाहिलं आणि तो उठू लागला. “या ना, तुम्ही बसा इथे.”

“बस रे तू,” पोस्टमन त्याला म्हणाला. “चष्म्या, तिघं नाही मावत यात. तू जरा भावोजींकडे बघतोस का? त्यांच्या पोटरीत गोळा आलाय.”

तो अगदी सहज बोलला. त्यात दुष्टावा असता तर चष्मेवाल्याला बरं वाटलं असतं. त्यानं जाऊन भावोजींची पोटरी चोळली. भावोजी कण्हत म्हणाले, “काय माणूस आहे हो तो! असा पाव मी जन्मात खाल्ला नाही.” चष्मेवाल्यानं अंगठा जरा जोरातच दाबला.

दुपारी उतरायला लागले तेव्हा धुक्यानं पठार पार गिळलं होतं. पुढचे सगळे दिसेनासे झाले होते. चष्मेवाला सर्वांत मागे चालत होता, तेवढ्यात वाटेकडेच्या दगडावर बेकरीवाला बूट काढून बसलेला दिसला.

“खडा गेलाय,” तो म्हणाला. “आलोच मी. तुम्ही व्हा पुढे.”

चष्मेवाला पुढे झाला. वीसएक पावलांवर जुनं धान्यकोठार होतं आणि तिथे वाट फुटत होती. उजवी खाली दरवाज्याकडे जात होती. डावी कोठाराच्या भिंतीमागून तटाकडे. दोन वर्षांपूर्वी तिथला तट ढासळला होता. ती वाट गवतातून छान मळलेली दिसायची, तीस-चाळीस पावलं जायची आणि मग एकदम नसायची. खाली नुसती दरी होती. या चौघांना हे पाठ होतं. पाचव्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चष्मेवाला उजवीकडे वळला आणि त्यानं मागे पाहिलं. बेकरीवाला उठून आला होता आणि कोठाराच्या कोपऱ्याशी डावीकडे तोंड करून उभा होता. चष्म्यावर पाणी होतं. चष्मेवाल्यानं तो काढला, बनियनच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा पाहिलं. बेकरीवाल्यानं हात वर केला होता. ‘इकडूनच ना?’ असं विचारावं तसा.

एक शब्द पुरला असता.

चष्मेवाला वळला आणि उजव्या वाटेनं चालू लागला. जाईल, जरा भरकटेल, त्यानं मनाशी म्हटलं, आणि ओरडत येईल परत. तेवढीच गंमत. पण गंमत म्हणावी तर त्याला हसू येत नव्हतं.

दहा मिनिटांनी धुक्यातून पोस्टमनचा आवाज आला. “एऽऽक!”

“दोऽऽन,” चष्मेवाला म्हणाला.

“तीऽन!”

“चाऽऽर!” भावोजी ओरडले. आणि सगळे चालू लागले.

चष्मेवाला जागीच उभा राहिला. आता कुणाच्या तरी लक्षात येईल. आता पोस्टमन थांबेल, म्हणेल, अरे, पाच कुठाय? पण पुढे बूट चिखलात वाजत राहिले. पाय बावीस वर्षं चारावर उचलले जात होते, ते आजही चारावर उचलले गेले. चढताना तो पाच कानाशी होता म्हणून ऐकू आला होता. तो नव्हता तर त्याची कुणाला उणीवही भासली नाही.

आणि खरं सांगायचं तर चष्मेवाल्याला गार वाटलं. दिवसभर पोटात पेटलेलं कुणीतरी विझवावं तसं. आहे काय शेवटी, चारच! लोणी फासलेले पाव खाल्ले, एका छत्रीतून चालले, माझ्या देवडीत नेऊन बसवलं, पण मोजायची वेळ आली तेव्हा चारच. हे समाधान साधारण शंभर पावलं टिकलं. मग पाऊस एकदम वाढला. कुठेतरी वर दरड सुटल्यासारखा आवाज झाला आणि त्यानं मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दरवाज्याच्या कमानीखाली सगळे आडोशाला थांबले. पोस्टमन डोकं पुसत होता. आत येणाऱ्या चष्मेवाल्याकडे त्यानं बघितलं, त्याच्या मागे बघितलं आणि हसून म्हणाला, “तो येतोय ना तुझ्याबरोबर?”

हो म्हटलं असतं तर आणखी पाच मिनिटं मिळाली असती. चष्मेवाल्याच्या तोंडून निघालं, “मोजणीत पाच आला नाही.”

पोस्टमनचा चेहरा उतरला. “आला ना... मी ऐकला...” आणि मग तो थांबला, कारण त्यानं ऐकला नव्हता. “अरे देवा. कोठारापाशी?”

“तुम्ही थांबा इथे. सगळेच गेलो तर सगळेच हरवू. मी आणतो त्याला.”

चढावर चष्मेवाला कधी धावला नव्हता, त्या दिवशी धावला. दोनदा तोंडावर पडला. कोठाराच्या भिंतीला वळसा घालून तो डाव्या वाटेला लागला आणि ओरडला, “पाऽऽच! अहो पाऽऽच!” या माणसाला दुसरी काय हाक मारायची तेही त्याला सुचेना. तीन महिन्यांत त्यानं त्याला कधी हाकच मारली नव्हती.

“इकडे येऊ नका!” खालून आवाज आला. “माती सुटतेय!”

ढासळलेल्या तटाच्या दगडांमध्ये, काठापासून दोन हात खाली, बेकरीवाला एका झुडपाला धरून बसला होता. एक बूट गेला होता. अशा वेळीही तो याला सावध करत होता हे चष्मेवाल्याच्या ध्यानात आलं आणि नको तेव्हा आलं. तो पोटावर आडवा झाला, पिशवीतलं पुडकं-फडकं बाहेर फेकून तिचा लांब पट्टा खाली सोडला आणि पाय दगडात अडकवून ओढू लागला. पीठ मळणारा माणूस होता, हाताची पकड घट्ट होती. दोनदा घसरून तिसऱ्यांदा वर आला आणि दोघं चिखलात शेजारी शेजारी पडून राहिले.

श्वास सावरल्यावर बेकरीवाला म्हणाला, “मी ओरडत होतो. पाच, पाच म्हणून. तुमचं चारपर्यंत ऐकू आलं. मग बंदच.”

चष्मेवाला पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळू लागला.

“तू पाहिलं होतंस मला.”

आजवर तो याला ‘तुम्ही’ म्हणत आला होता.

“चष्म्यावर पाणी होतं,” चष्मेवाला म्हणाला.

“पुसलास की.”

पाऊस दोघांच्या तोंडावर पडत होता. खोटं बोलायला आणखी काही उरलं नव्हतं. “हो,” चष्मेवाला म्हणाला. “पाहिलं होतं.”

“का रे? मी काय केलं तुझं?”

काय सांगणार? पाव आणलेस, छत्रीत शिरलास, मोठ्यानं ओरडलास? पन्नाशीच्या माणसानं तोंडानं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. “मला तो एकच आहे,” तो शेवटी म्हणाला.

बेकरीवाल्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो उठून बसला आणि उघड्या पावलाला लागलेला चिखल बोटांनी काढू लागला. “मला तीन महिन्यांपूर्वी एकही नव्हता,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर चष्मेवाल्यानं तो सोसला असता.

उतरताना बेकरीवाल्याला अनवाणी पावलानं धड चालता येईना. चष्मेवाल्यानं हात पुढे केला. त्यानं तो घेतला, कारण दुसरा इलाज नव्हता. दोघं हातात हात घालून सबंध उतार उतरले.

कमानीखालून पोस्टमन धावत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं आधी बेकरीवाल्याला चाचपलं, मग म्हणाला, “कुठे गेला होतास तू, गाढवा? आणि आम्ही तरी कसे रे! चारावर थांबलो!”

चष्मेवाल्यानं मान खाली घातली. आता हा सांगणार. सांगू दे.

“माझीच चूक,” बेकरीवाला म्हणाला. “वाट चुकलो. हे वेळेवर आले म्हणून. यांनी पाहिलं नसतं तर संपलंच होतं.”

त्यानं पुन्हा ‘हे’ आणि ‘यांनी’ म्हटलं. चष्मेवाल्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पण तो भावोजींच्या खांद्याचा आधार घेऊन दगडावर टेकत होता.

“बघितलंत?” पोस्टमन बाकीच्यांना म्हणाला. त्यानं चष्मेवाल्याच्या खांद्याला मिठी मारली. “सगळ्यांचे कान गेले होते, याचे शाबूत होते. बोलत नाही, पण सगळ्यांवर डोळा असतो याचा. तीस वर्षं ओळखतो मी याला.”

खाली बसच्या थांब्याला पत्र्याचं छप्पर होतं. बस यायला अवकाश होता. सगळे गारठले होते. पोस्टमननं आपल्या पिशवीच्या तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक शर्ट काढला, टपालाच्या पिशव्या जपणाऱ्या माणसाचा, कोरडा ठणठणीत. त्याच्यासमोर दोघं चिखलानं माखलेले, दात वाजवत उभे होते. शर्ट एकच होता. पोस्टमननं या दोघांकडे एकदा आळीपाळीनं पाहिलं.

“घे, चष्म्या,” तो म्हणाला. “आज तुझा मान.”

बेकरीवाल्यानं त्यांच्याकडे पाठ केली, आपला शर्ट काढला, पिळला आणि झटकून तोच पुन्हा अंगात चढवायला लागला. ओल्या बाह्या त्याच्या दंडांना चिकटत होत्या.

चष्मेवाला शर्ट हातात धरून उभा राहिला. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. पोस्टमन कौतुकानं बघत होता. शर्ट अगदी मापाचा होता. त्यानं तो घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.